राष्ट्राध्यक्षपदाची पात्रता : अट घटनेत आहे, पण ती तपासायची कुणी?

सांजदिवा (धागाकर्ती)

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात राष्ट्राध्यक्षपदासाठी तीनच अटी घातल्या आहेत. उमेदवार जन्मजात नागरिक असावा, त्याचे वय किमान ३५ वर्षे असावे आणि तो १४ वर्षे देशात राहिलेला असावा. पुढे १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने याच अटी उपराष्ट्राध्यक्षालाही लागू केल्या. वय आणि वास्तव्य यांवरून फारसे वाद झाले नाहीत. पहिल्या अटीवरून मात्र जवळजवळ दीडशे वर्षे वाद होत आले आहेत, आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्या येतात तेव्हा ‘जन्मजात नागरिक म्हणजे नेमके कोण’ एवढ्याच प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहते. माझे मत असे आहे की खरी अडचण व्याख्येची कमी आणि निवाड्याची जास्त आहे. घटनेने अट घातली, परंतु ती पूर्ण झाली आहे की नाही हे कुणी, केव्हा आणि कोणत्या पुराव्यावर ठरवायचे, याविषयी एक अक्षरही लिहिले नाही. त्या मोकळ्या जागेत राजकारण शिरले आणि त्याचा सगळ्यांत जास्त त्रास अशा उमेदवारांना झाला ज्यांचे आईवडील, किंवा दोघांपैकी एक, परदेशातून आलेले होते.

अट आली कुठून, ते आधी थोडक्यात सांगते. २५ जुलै १७८७ रोजी मुत्सद्दी जॉन जे यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून सुचवले की सरसेनापतीचे पद जन्मजात नागरिकाखेरीज कुणाकडे जाऊ नये. त्या काळी युरोपातला एखादा राजपुत्र बोलावून त्याला गादीवर बसवणार, अशा अफवा उठत होत्या, आणि नव्या देशाला बाहेरच्या राजघराण्यांची खरोखरच धास्ती होती. घटना परिषदेत या शब्दांवर चर्चा झाल्याची नोंद सापडत नाही. मसुद्यात ते आले आणि राहिले. घटना स्वीकारली गेली त्या वेळी जे नागरिक होते त्यांना स्वतंत्र सवलत दिली होती, कारण वॉशिंग्टन यांच्यासह ती सगळी पिढीच ब्रिटिश प्रजा म्हणून जन्मलेली होती. अमेरिका स्वतंत्र झाल्यानंतर जन्मलेले पहिले राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन, आणि ते पदावर आले १८३७ मध्ये.

व्याख्येचा प्रश्न दोन बाजूंनी येतो. एक, अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले, परंतु आईवडील परकीय असलेले मूल. दोन, परदेशात जन्मलेले, परंतु आईवडील अमेरिकन असलेले मूल. पहिल्या बाजूचे उत्तर बऱ्याच अंशी वाँग किम आर्क या खटल्यात मिळते. हा तरुण १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मला. १८९५ मध्ये चीनहून परत येताना त्याला उतरू दिले नाही, आणि कित्येक महिने त्याला बंदरातल्या जहाजांवरच अडकवून ठेवले. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार तो जन्मापासून नागरिक आहे. खटला राष्ट्राध्यक्षपदाचा नव्हता. तरीही सरन्यायाधीश फुलर यांनी विरोधी मतात नेमका हाच मुद्दा काढला : परकीयांची इथे योगायोगाने जन्मलेली मुले राष्ट्राध्यक्ष होऊ शकतील आणि आपल्या नागरिकांची परदेशात जन्मलेली मुले होऊ शकणार नाहीत, हे त्यांना पटत नव्हते. म्हणजे या निकालाचा रोख कुठे जातो, हे निकाल विरोधात गेलेल्या न्यायमूर्तींनाही तेव्हाच स्पष्ट दिसत होते.

आता वादांकडे येते. १८८० मध्ये चेस्टर आर्थर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असताना न्यूयॉर्कच्या एका वकिलाने आधी त्यांचा जन्म आयर्लंडमधला असल्याचे सांगितले, आणि ते टिकत नाही म्हटल्यावर कॅनडातला असल्याचे सांगितले. आर्थर यांचा जन्म व्हर्माँटमधल्या फेअरफील्डचा. वडील मात्र आयर्लंडहून आलेले, आणि त्यांना नागरिकत्व मिळाले मुलगा चौदाएक वर्षांचा झाल्यावर. आरोप जन्मस्थळाचा असला, तरी त्याला बळ मिळाले ते वडिलांच्या परकेपणातून.

सव्वाशे वर्षांनी बराक ओबामा यांच्याबाबतीत तेच घडले. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९६१ रोजी होनोलुलूत झाला. होनोलुलूच्या दोन्ही वर्तमानपत्रांत त्याच महिन्यात जन्मनोंदींच्या रकान्यात त्यांच्या जन्माची एक ओळ छापली गेली होती, आणि हे रकाने घरच्यांनी दिलेल्या जाहिरातींतून भरले जात नसत. राज्याच्या आरोग्य खात्याकडून येणाऱ्या यादीतून भरले जात. २००८ मध्ये त्यांनी जन्मदाखला प्रसिद्ध केला. तो पुरेसा नाही असे म्हटले गेले. २७ एप्रिल २०११ रोजी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष होऊन दोन वर्षे उलटल्यावर, त्यांनी रुग्णालयाचे नाव आणि डॉक्टरांची सही असलेला सविस्तर दाखला प्रसिद्ध केला. तरीही वाद पूर्ण थांबला नाही. ज्या डोनाल्ड ट्रम्प यांनी तो सर्वांत जास्त वाढवला, त्यांनी ओबामांचा जन्म अमेरिकेतला असल्याचे जाहीरपणे मान्य केले ते सप्टेंबर २०१६ मध्ये.

या सगळ्या काळात कितीतरी याचिका दाखल झाल्या, आणि बहुतेक एकाच कारणाने फेटाळल्या गेल्या : याचिकाकर्त्याचे वैयक्तिक नुकसान झालेले नाही, म्हणून त्याला दाद मागण्याचा अधिकार नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. सामान्य माणसाला मात्र त्यातून एवढेच ऐकू आले की न्यायालयाने प्रश्नाचे उत्तर दिले नाही. पुराव्याचा कागद उपलब्ध होता. तो तपासून ‘हे ठीक आहे’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे असे कुणीच नव्हते.

जाणकारांनी यात भर घालावी, ही विनंती.

कायदेवाचक

सांजदिवा, विषय नेमका मांडला आहे. यात २००८ चे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांचे प्रकरण सविस्तर यायला हवे, कारण तुम्ही सांगितलेली दुसरी बाजू तिथे सर्वांत अवघड रूपात दिसते.

मॅकेन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९३६ चा. जन्मस्थळ पनामा कालव्याच्या पट्ट्यातला कोको सोलो हा नौदलाचा तळ. आईवडील दोघेही अमेरिकन, वडील नौदलात अधिकारी. वरवर पाहता शंकेला जागा नाही. पण त्या वेळच्या कायद्याचे शब्द असे होते की अमेरिकेच्या ‘सीमेबाहेर आणि अधिकारक्षेत्राबाहेर’ जन्मलेल्या, अमेरिकन पालकांच्या मुलाला जन्मतः नागरिकत्व मिळेल. कालव्याचा पट्टा अमेरिकेच्या सीमेबाहेर होता, परंतु अधिकारक्षेत्राबाहेर नव्हता. तिथे अमेरिकेचीच सत्ता चालत होती. त्यामुळे तो पट्टा कायद्याच्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत पडला. ऑगस्ट १९३७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, स्वतंत्र कायदा करून त्या पट्ट्यात आधी जन्मलेल्या मुलांनाही नागरिकत्व दिले. तेव्हा मॅकेन अकरा महिन्यांचे होते. प्राध्यापक गेब्रियल चिन यांनी २००८ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा की जन्माच्या क्षणी जो नागरिक नव्हता, त्याला नंतरच्या कायद्याने नागरिक करता येईल, पण जन्मजात नागरिक कसे करता येईल?

मला स्वतःला हा युक्तिवाद मान्य नाही. नौदलातल्या माणसाची बदली सरकारच करते. त्या बदलीच्या ठिकाणी झालेल्या मुलाला त्याच सरकारच्या सर्वोच्च पदापासून दूर ठेवणे हा घटनेचा हेतू असूच शकत नाही. पण युक्तिवाद प्रामाणिक आहे, कायद्याच्या शब्दांवर उभा आहे, आणि त्याला उत्तर द्यायला हवे होते. ते दिले कुणी? ३० एप्रिल २००८ रोजी सिनेटने एकमताने ठराव केला की मॅकेन जन्मजात नागरिक आहेत. त्या ठरावाच्या सहप्रस्तावकांत ओबामा आणि हिलरी क्लिंटनही होते. राजकीय सभ्यतेचे ते चांगले उदाहरण होते, यात शंका नाही. परंतु असा ठराव कायदा नसतो आणि न्यायालयावर बंधनकारकही नसतो. ज्यांच्याविरुद्ध शंका काढणारे थोडे, त्यांना सिनेटचा ठराव मिळाला. ज्यांच्याविरुद्ध शंका काढणारे पुष्कळ, त्यांना जन्मदाखला दोनदा दाखवावा लागला. पात्रतेचा निर्णय सहकाऱ्यांच्या सद्भावनेवर सोडला की असेच होणार.

घाटमाथा

वाचते आहे. एक व्यवहारातला प्रश्न विचारते, तो थोडा बाजूचा वाटल्यास क्षमा असावी. माझी बहीण आणि मेहुणे अमेरिकन नागरिक आहेत. बाळंतपणासाठी बहीण पुण्याला आली आणि भाचीचा जन्म इथलाच. नातेवाइकांत सगळे म्हणतात की ती आता कधीही राष्ट्राध्यक्ष होऊ शकणार नाही. हे खरे आहे का?

सांजदिवा (धागाकर्ती)

घाटमाथा, प्रश्न बाजूचा नाही, अगदी विषयाच्या मध्यावरचा आहे, आणि त्याचे उत्तर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेले सिनेटर टेड क्रूझ यांच्या प्रकरणात आहे.

क्रूझ यांचा जन्म डिसेंबर १९७० मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत झाला. वडील क्यूबाचे, आई अमेरिकन, तिचा जन्म डेलावेअरचा. त्या वेळच्या कायद्यानुसार, पालकांपैकी एकच अमेरिकन असेल तर त्या पालकाने मुलाच्या जन्माआधी एकूण दहा वर्षे, आणि त्यांतली किमान पाच वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, अमेरिकेत काढलेली असली पाहिजेत. आईने ती अट पूर्ण केली होती, म्हणून मुलगा जन्मतःच नागरिक झाला. कॅनडात जन्मल्यामुळे त्यांना तिथलेही नागरिकत्व होते. ते त्यांनी २०१४ मध्ये सोडले.

बुश आणि ओबामा यांच्या काळात सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडणारे दोन विधिज्ञ, पॉल क्लेमेंट आणि नील कट्याल, यांनी २०१५ मध्ये एकत्र लेख लिहून सांगितले की ज्याला नागरिक होण्यासाठी नंतर कुठलीही प्रक्रिया करावी लागत नाही तो जन्मजात नागरिक, मग जन्म कुठेही होवो. त्यासाठी त्यांनी १७९० च्या कायद्याचाही आधार घेतला. पहिल्याच काँग्रेसने केलेल्या त्या कायद्यात समुद्रापार जन्मलेली नागरिकांची मुले जन्मजात नागरिक समजावीत असे स्पष्ट शब्द होते. विरुद्ध बाजूचे अभ्यासक दाखवून देतात की १७९५ मध्ये तो कायदा बदलला तेव्हा ‘जन्मजात’ हा शब्द गळला आणि फक्त ‘नागरिक’ राहिला. लॉरेन्स ट्राइब यांच्यासारख्या ज्येष्ठ घटनातज्ज्ञांनी २०१६ मध्ये प्रश्न अजून सुटलेला नाही, असेच म्हटले होते.

तुमच्या भाचीबाबत बोलायचे तर आईवडील दोघेही नागरिक आहेत आणि दोघांपैकी एकाचे तरी आधी अमेरिकेत वास्तव्य झालेले आहे, त्यामुळे ती जन्मापासून अमेरिकन नागरिक आहे. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत परदेशातील जन्माची नोंद करतात, ती नागरिकत्व देण्यासाठी नसते. जन्मतः असलेल्या नागरिकत्वाचा तो पुरावा असतो. आज बहुसंख्य अभ्यासकांचे मत तिच्या बाजूने आहे. याउलट एखादे बाळ भारतीय पालकांच्या पोटी पुण्यात जन्मले, दुसऱ्या वर्षी अमेरिकेत गेले आणि पुढे पालकांबरोबर त्याला आपोआप नागरिकत्व मिळाले, तर ते सगळ्या अर्थांनी अमेरिकेतच वाढलेले असूनही राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही. राजा कृष्णमूर्ती यांचे उदाहरण पाहा. दिल्लीत जन्म, तीन महिन्यांचे असताना अमेरिकेत आले, प्रतिनिधिगृहात निवडून गेले. पण या पदासाठी कायमचे अपात्र.

मलप्रभा

मी बेळगावचा असल्यामुळे श्री ठाणेदार यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, १९७९ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, १९८८ मध्ये तिथले नागरिक झाले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, आणि २०२३ पासून ते डेट्रॉइट परिसराचे प्रतिनिधी म्हणून प्रतिनिधिगृहात आहेत. घटना प्रतिनिधिगृहासाठी सात वर्षांचे नागरिकत्व मागते, सिनेटसाठी नऊ वर्षांचे. म्हणजे चिकोडीत जन्मलेला मराठी माणूस युद्धाच्या ठरावावर मत देऊ शकतो, राष्ट्राध्यक्षावर महाभियोगाचा ठराव मांडू शकतो, पण त्या पदाचा अर्ज भरू शकत नाही. पदाची इच्छा त्यांना आहे की नाही हा प्रश्न नाही. निष्ठेचा पुरावा म्हणून पस्तीस वर्षांहून अधिक काळाचे नागरिकत्व पुरत नसेल, तर मग काय पुरेल?

पायवाट

मलप्रभा, तुमची भावना समजते, पण मी या अटीच्या बाजूने आहे. सेनापती, अण्वस्त्रांचा ताबा आणि परराष्ट्र धोरण या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या हाती देणारे पद जगात फार थोडे आहे. पाचशेहून अधिक सदस्यांच्या काँग्रेसमधला एक सदस्य आणि एकटा राष्ट्राध्यक्ष यांत फरक करणे अन्यायाचे नाही. २००३ मध्ये सिनेटर ऑरिन हॅच यांनी वीस वर्षे नागरिक असलेल्या व्यक्तीला हे पद खुले करणारी घटनादुरुस्ती मांडली होती. ऑस्ट्रियात जन्मलेले अर्नोल्ड श्वार्झनेगर त्याच सुमारास कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाल्यामुळे तिची चर्चाही खूप झाली, पण सिनेटच्या समितीतल्या सुनावणीपलीकडे ती गेली नाही. दोन्ही पक्षांतून तिला जोर लागला नाही, याचा अर्थ लोकांना ही अट अजून हवी आहे, असा मी घेतो.

धागाकर्तीचा मूळ मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. अट ठेवायची असेल तर ती तपासणारा कुणीतरी हवा.

सांजदिवा (धागाकर्ती)

पायवाट, अट असावी की नसावी यावर आपले मत वेगळे राहील, आणि ते राहू दे. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही अट ज्यांना पूर्ण करता येत नाही त्यांच्यापेक्षा ज्यांना ती निःसंशय पूर्ण करता येते त्यांचीच जास्त परीक्षा होते. कमला हॅरिस १९६४ मध्ये ओकलंडमध्ये जन्मल्या. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांची उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवड झाल्याबरोबर एका साप्ताहिकात लेख आला की त्यांची आई भारतातून आणि वडील जमैकातून आलेले होते, दोघेही तेव्हा नागरिक नव्हते, म्हणून त्यांच्या पात्रतेची तपासणी व्हावी. त्या साप्ताहिकाला पुढे लेखाबद्दल क्षमा मागावी लागली. निकी हेली यांचा जन्म १९७२ चा, साउथ कॅरोलायनातल्या बॅम्बर्गचा. त्यांच्याविषयी तसाच दावा जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या प्रतिस्पर्ध्याने समाजमाध्यमावर पुढे पसरवला. वाँग किम आर्कचा निकाल सव्वाशे वर्षे जुना आहे. तरीही प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात होते.

आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर हे केवळ निवडणुकीपुरते राहिलेले नाही. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिक मानू नये, असे तो आदेश म्हणतो. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यू जर्सीतल्या एच-१बी वर असलेल्या आपल्या किती घरांना हा प्रश्न थेट भिडतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

पंचगंगा

भारताची तुलना इथे उपयोगी पडेल. आपल्या राज्यघटनेचे कलम ५८ राष्ट्रपतीसाठी भारताचे नागरिकत्व, ३५ वर्षे वय आणि लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता मागते. शिवाय लाभाचे पद नसावे. जन्माची अट नाही. घटना समितीपुढे अमेरिकेचा नमुना होता, तरीही आपण ती घेतली नाही.

महाराष्ट्राला हा वाद चांगलाच आठवत असेल. मे १९९९ मध्ये शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर यांनी काँग्रेस कार्यकारिणीत पत्र दिले की देशाची सर्वोच्च पदे भारतात जन्मलेल्या व्यक्तींनाच मिळावीत. रोख सोनिया गांधींकडे होता. त्यांचा जन्म इटलीतला आणि त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले १९८३ मध्ये. तिघांची हकालपट्टी झाली आणि १० जून १९९९ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीनंतर दोन्ही काँग्रेस महाराष्ट्रात एकत्र सत्तेत आल्या. सोनिया गांधींच्या नागरिकत्वाला निवडणूक याचिकांतून दिलेले आव्हानही २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही.

पण मला सांगायची आहे ती पुढची गोष्ट, कारण ती धाग्याच्या मुख्य मुद्द्याशी जोडलेली आहे. कलम ७१ म्हणते की राष्ट्रपतीच्या निवडणुकीतून उद्भवणाऱ्या सर्व शंका आणि वाद यांची चौकशी आणि निर्णय सर्वोच्च न्यायालय करील, आणि तो निर्णय अंतिम असेल. २०१२ मध्ये तेच संगमा राष्ट्रपतीपदासाठी प्रणव मुखर्जींविरुद्ध उभे राहिले. मुखर्जी भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद धारण करतात, म्हणजे लाभाच्या पदावर आहेत, असा त्यांनी छाननीच्या वेळी आक्षेप घेतला. निर्वाचन अधिकाऱ्याने दोन्ही बाजू ऐकून तो फेटाळला. निवडणूक झाली, संगमा हरले, त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि डिसेंबर २०१२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. मतभेद होता, तोही निकालपत्रात लिहून ठेवलेला. अर्ज कुणी तपासायचा, आक्षेप कुणापुढे घ्यायचा, याचिका कुणी करायची, किती दिवसांत करायची, हे सगळे आधीपासून ठरलेले होते. पराभूत उमेदवाराला दाद मागता आली, आणि विजयी उमेदवाराच्या पात्रतेवर कायमचा संशय राहिला नाही.

अमेरिकेकडे कलम ७१ सारखे काही नाही, हीच उणीव आहे.

कायदेवाचक

पंचगंगा, उत्तम. याला जोडून अमेरिकेत राज्याराज्यांत काय होते ते सांगतो. तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घेण्याचे काम राज्यांकडे आहे, आणि मतपत्रिकेवर नाव घेण्याचे नियम प्रत्येक राज्याचे निराळे आहेत. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाने राष्ट्राध्यक्षपदाचे एक उमेदवार एल्ड्रिज क्लीव्हर यांचे नाव घेतले नाही, कारण ते ३३ वर्षांचे होते. पण २००४ आणि २००८ मध्ये निकाराग्वात जन्मलेले, फक्त ग्रीन कार्ड असलेले रॉजर कॅलेरो एका लहान पक्षाचे उमेदवार म्हणून काही राज्यांच्या मतपत्रिकेवर होते, तर इतर राज्यांत त्याच पक्षाला दुसरे नाव द्यावे लागले. जो नागरिकच नाही त्याचे नाव एका राज्यात छापले जाते आणि शेजारच्या राज्यात नाही! यावरून छाननीची अवस्था कळते.

अबोली

फिलिपिन्सचे उदाहरण कुणी दिले नाही म्हणून देते. तो देश अमेरिकेच्या ताब्यात होता, त्यामुळे ‘जन्मजात नागरिक’ ही अट त्यांच्या घटनेतही आली. मात्र त्यांनी तिची व्याख्याही केली आणि निवाड्याची व्यवस्थाही.

ग्रेस पो यांना सप्टेंबर १९६८ मध्ये इलोइलो शहरातल्या हारो चर्चमध्ये कुणीतरी सोडून गेले. त्या तेव्हा तान्ह्या होत्या. आईवडील कोण, हे कधीच समजले नाही. पुढे चित्रपट अभिनेते फर्नांदो पो आणि सुसान रोसेस या दांपत्याने त्यांना दत्तक घेतले. ग्रेस काही वर्षे अमेरिकन नागरिकही होत्या, नंतर परत आल्या, सिनेटर झाल्या आणि २०१६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरल्या. डिसेंबर २०१५ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली; आईवडील माहीत नाहीत म्हणजे ते फिलिपिनो होते हे सिद्ध होत नाही, असे कारण दिले.

सर्वोच्च न्यायालयात सरकारी विधिज्ञांनी लोकसंख्येचे आकडे मांडले. त्या दशकात देशात जन्मलेल्या मुलांपैकी ९९.८३ टक्के मुले फिलिपिनो पालकांची होती. ८ मार्च २०१६ रोजी नऊ विरुद्ध सहा मतांनी न्यायालयाने त्यांना पात्र ठरवले. मतदान मे महिन्यात होते. त्या हरल्या, तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या, पण मतदारांनी हरवल्या, आयोगाच्या कागदाने नाही. ज्या मुलीला चर्चमध्ये सोडून दिले गेले तिच्याकडून आईवडिलांचा दाखला मागणे क्रूर होते, आणि ते न्यायालयाला मतदानाआधी दोन महिने स्पष्टपणे सांगता आले, हे मला फार मोलाचे वाटते.

पायवाट

अबोली, हे प्रकरण मला माहीत नव्हते. पण असा निवाडा अमेरिकेत कसा आणायचा? घटनादुरुस्तीला तीनचतुर्थांश राज्ये लागतात. आणि राज्यांनी आपापले कायदे केले तर ते एखाद्या विशिष्ट उमेदवाराला लक्ष्य करण्यासाठीच वापरले जातील, अशी भीती आहे.

कायदेवाचक

भीती रास्त आहे आणि तिला आधारही आहे. २०११ मध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळाने उमेदवाराकडून जन्माचा पुरावा मागणारे विधेयक मंजूर केले. सविस्तर जन्मदाखला नसेल तर बाप्तिस्म्याचा किंवा सुंतेचा दाखलाही चालेल, असे त्यात लिहिले होते. गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी, स्वतः रिपब्लिकन असूनही, त्यावर नकाराधिकार वापरला. असा निर्णय एकाच राज्य अधिकाऱ्याच्या हाती देणे त्यांना योग्य वाटले नाही.

तरीही घटनादुरुस्तीशिवाय काहीच करता येत नाही असे नाही. २०१२ मध्ये गयानात जन्मलेल्या एका नागरिकाचे नाव कोलोराडोने मतपत्रिकेवर घ्यायचे नाकारले, तेव्हा तो संघीय न्यायालयात गेला. नील गोर्सच, जे आता सर्वोच्च न्यायालयात आहेत, त्यांच्या पीठाने निकाल दिला की घटनेनुसार जो पद धारण करू शकत नाही त्याला मतपत्रिकेवरून वगळण्याचा राज्याला अधिकार आहे. म्हणजे वस्तुस्थितीबद्दल वाद नसेल तर न्यायालये निर्णय देतात. वाद असेल तेव्हाचा नमुना पेनसिल्व्हेनियाने घालून दिला आहे. तिथल्या निवडणूक कायद्यानुसार उमेदवारी अर्जावर कोणताही मतदार ठरावीक मुदतीत आक्षेप घेऊ शकतो. २०१६ मध्ये एका मतदाराने क्रूझ यांच्याविरुद्ध तो घेतला. न्यायमूर्तींनी दाद मागण्याच्या अधिकाराच्या आड न जाता मूळ प्रश्न ऐकला, १० मार्चला क्रूझ पात्र असल्याचा सकारण निकाल दिला, आणि महिना संपण्याआधी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. प्राथमिक निवडणूक २६ एप्रिलला होती.

सांजदिवा (धागाकर्ती)

कायदेवाचक, पेनसिल्व्हेनियाच्या या निकालामुळे माझे म्हणणे अधिक नेमके करता येते. प्रत्येक राज्यात असा आक्षेप घेण्याची मुदत असावी, ती मतदानाच्या पुरेशी आधी संपावी, आणि उमेदवाराने दिलेला अधिकृत जन्मदाखला कायद्याने पुरेसा मानला जावा, म्हणजे एकदा तपासलेला कागद पुन्हा पुन्हा मागण्याचा अधिकार कुणाला उरणार नाही. राज्यांचे निकाल परस्परविरोधी आले तर सर्वोच्च न्यायालयाला प्रकरण हाती घ्यावेच लागेल. विसाव्या घटनादुरुस्तीत निर्वाचित राष्ट्राध्यक्ष पात्र न ठरल्यास उपराष्ट्राध्यक्षाने काम पाहावे अशी तरतूद आहे, पण तो प्रसंग मतमोजणी झाल्यावर येऊ देणे घातक आहे. कोट्यवधी लोकांनी दिलेले मत अपात्रतेच्या कारणावरून जानेवारीत रद्द करण्याचे धैर्य कुठल्याही न्यायालयाला होणार नाही आणि होऊही नये.

घाटमाथा, भाचीच्या नोंदीचे काम अजून झाले नसेल तर आईवडिलांच्या अमेरिकेतल्या वास्तव्याचे पुरावे, म्हणजे शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे, करविवरणे, जुने पासपोर्ट, आत्ताच एकत्र करून ठेवायला सांगा.

घाटमाथा

धन्यवाद, सांजदिवा. वकिलातीची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. बहिणीला हा धागा पाठवला आहे, आणि तिच्या कॉलेजच्या गुणपत्रिका पुण्याच्या घरातच असल्याचे तिने कळवले आहे. त्या मी उद्या काढून ठेवते.